दुसऱ्या बाळाचा विचार आणि आयसोट्रेटिनॉइन : प्रौढ वयातील हट्टी मुरुमांचे एक प्रकरण

एकतीस वर्षांची, माध्यमिक शाळेत शिकवणारी, सहा वर्षांच्या मुलाची आई असलेली ही रुग्ण माझ्याकडे आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरील मुरुमांना पाच वर्षे होत आली होती, आणि साधारण वर्ष-दीड वर्षाने दुसऱ्या बाळाचा विचार करायचा असे पती-पत्नींमध्ये ठरले होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की मुरुमांचा उपचार बहुधा मागे पडतो. ‘आधी बाळ होऊ दे, मग चेहऱ्याचे बघू,’ असे घरचे म्हणतात आणि पुष्कळदा डॉक्टरही म्हणतात. येथे आम्ही तसे केले नाही. मुरुमांवरील औषधांमध्ये गर्भाला सर्वांत घातक असलेले आयसोट्रेटिनॉइन आम्ही याच रुग्णासाठी निवडले, आणि ते निवडण्यामागे तिला पुढे मूल हवे आहे हे एक मुख्य कारण होते. हा निर्णय कसा झाला आणि कोणत्या अटींवर झाला, ते तिच्या संमतीने येथे मांडत आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पाच वर्षांची वाटचाल

कॉलेजच्या वयात तिला थोडेफार मुरुम आले होते आणि ते आपोआप गेले होते. पहिल्या बाळाचे अंगावरचे दूध सुटल्यानंतर काही महिन्यांत जबड्याच्या कडेने, हनुवटीवर आणि मानेच्या वरच्या भागावर दुखऱ्या गाठी उठू लागल्या. पाळीच्या आधीच्या आठवड्यात त्या वाढत. पंचविशीनंतर स्त्रियांना येणाऱ्या मुरुमांची ही अगदी ओळखीची मांडणी आहे, पण ‘हे तर वयात येतानाचे, लग्नानंतर जातात’ हा समज इतका पक्का आहे की आपल्याला या वयात हे होते म्हणजे आपलेच काही चुकते आहे, असे तिला वाटत राहिले. जायफळ दुधात उगाळून लावणे, मुलतानी माती, पोट साफ राहावे म्हणून त्रिफळा, रक्तशुद्धीचे काढे हे सर्व झाले. तेल, तूप आणि शेंगदाणे तिने जवळजवळ सोडले होते. या शेवटच्या गोष्टीचा उपचारावर पुढे परिणाम झाला, म्हणून ती मुद्दाम नोंदवतो.

गावातील डॉक्टरांनी तिला आधी अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या आठवड्यातून तीन दिवस याप्रमाणे दिल्या आणि नंतर डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम रोज एक, असे तीन महिने दिले. डॉक्सीसायक्लिनने निम्म्याहून अधिक फरक पडला, परंतु गोळ्या थांबल्यावर दोन महिन्यांत सारे पूर्ववत झाले. यात नवल नाही. त्या गोळ्यांसोबत लावायचे औषध दिलेले नव्हते, आणि प्रतिजैविक एकटे दिले तर ते दाह तेवढा दाबते. छिद्रे बुजण्याची मूळ प्रक्रिया चालूच राहते आणि जंतूंमध्ये प्रतिकारही वाढतो. मध्यंतरी ॲडापॅलिन 0.1 टक्के जेलही लिहून दिले होते, पण त्वचा सोलवटली म्हणून तिने ते दहा दिवसांत टाकून दिले. हे औषध वाटाण्याएवढे घेऊन, कोरड्या चेहऱ्यावर, सुरुवातीला एक दिवसाआड लावायचे असते आणि त्याचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर आले औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेले मलम. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड यांचे ते मिश्रण होते. पहिल्या पंधरवड्यात गाठी बसल्या, डाग फिकट झाले, चेहरा उजळला. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून दोन दिवस जरी मलम चुकले तरी चेहरा लाल होऊन चुरचुरू लागला आणि बारीक पुळ्यांचे पीक येऊ लागले, म्हणून ती ते लावतच राहिली. एकूण आठ महिने. स्टेरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत यासाठी 2018 साली केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड औषधे ‘शेड्यूल एच’मध्ये स्पष्टपणे घातली, तरीही गोरेपणाचे मलम म्हणून ती आजही सहज हातात पडतात. माझ्या मते आपल्याकडील प्रौढ वयातील ‘हट्टी’ मुरुमांपैकी बऱ्याच मुरुमांचा हट्टीपणा या मलमांनी घडवलेला असतो, आणि पोटातून औषध सुरू करण्याआधी हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारायलाच हवा. मलमाची ट्यूब सोबत आणायला सांगावे, कारण नाव लक्षात नसते आणि ते ‘औषध’ आहे असेही वाटत नसते.

तपासणी

दोन्ही गालांवर लालसरपणा, बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे आणि लव वाढलेली होती. ही स्टेरॉइडची खूण. त्याखाली मूळ आजार दिसत होता तो असा : जबड्यावर आणि हनुवटीवर खोल, दुखऱ्या गाठी, कपाळावर व गालांवर बंद छिद्रांचे पांढरे दाणे, जुन्या गाठींचे काळपट डाग, आणि गालांवर सुईने टोचल्यासारखे अरुंद, खोल खड्डे. काळपट डाग आपल्या त्वचेत जवळजवळ नेहमीचेच असतात आणि वेळ दिला तर फिकट होतात. खड्डे मात्र कायमचे असतात. त्यांतील काही गेल्या वर्षभरातले होते, म्हणजे नुकसान अजून चालू होते.

पाळी नियमित होती, ओठांवर किंवा हनुवटीवर राठ केस नव्हते, वजन 56 किलो होते. पाळीच्या तिसऱ्या दिवशी केलेल्या संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) तपासणीत टेस्टोस्टेरॉन, डीएचईए-सल्फेट, प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड सर्व सामान्य निघाले. ‘मग हे हार्मोनचे नाही तर कशाचे?’ असा तिचा प्रश्न होता. रक्तातील पातळी सामान्य असूनही तेलग्रंथी पुरुषी संप्रेरकांना जास्त प्रतिसाद देत असतात, आणि या वयातील बहुतेक रुग्णांमध्ये चित्र असेच असते. पीसीओडीचा, म्हणजे बीजकोशांशी निगडित संप्रेरक-बिघाडाचा, शिक्का बसला नाही म्हणजे आजार संप्रेरकांशी संबंधित नाही असे ठरत नाही. औषधांमुळे येणारे मुरुमही विचारात घेतले : क्षयरोगावरील आयसोनियाझिड, लिथियम, फेनिटोइन किंवा बी-12ची इंजेक्शने यांपैकी काहीही ती घेत नव्हती.

आजाराचे ओझे त्वचेपुरते नव्हते. शाळेच्या वार्षिक छायाचित्रात ती उभी राहत नसे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाणे तिने बंद केले होते, कारण तिथे भेटणारी प्रत्येक जण एक नवा उपाय सांगे. अशा गोष्टी केसपेपरवर लिहिल्या जात नाहीत. परंतु खड्डे पडणे, नेहमीच्या उपचारांनी गुण न येणे आणि मनावर मोठा भार असणे यांपैकी काहीही असले तरी आयसोट्रेटिनॉइनचा विचार करावा असे आजचे मार्गदर्शन आहे. येथे तिन्ही होते.

निवड

सर्वप्रथम स्टेरॉइडचे मलम थांबवले. थांबवल्यावर काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल, हे तिला आणि तिच्या पतीला आधीच स्पष्ट सांगितले, कारण या टप्प्यावर बहुतेक रुग्ण घाबरून पुन्हा त्याच मलमाकडे वळतात. दाह आवरण्यासाठी आठ आठवडे डॉक्सीसायक्लिन, साधे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढेच दिले. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्यावर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते, ही सूचना साधी असली तरी विसरू नये. दीड महिन्याने लाली ओसरली. गाठी मात्र येतच होत्या, आणि आता निर्णय घ्यायचा होता.

तीन पर्याय समोर होते. पहिला, एथिनिल एस्ट्राडिओल आणि ड्रोस्पिरेनोन असलेली गर्भनिरोधक गोळी. तेलग्रंथींवरील संप्रेरकांचा प्रभाव ती कमी करते आणि जबड्यावरील मुरुमांना चांगला गुण देते. परंतु रुग्णाला अर्धशिशीचा त्रास होता, आणि डोके दुखू लागण्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा येत. अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेनयुक्त गोळी दिली तर पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून हा पर्याय तिथेच संपला. ‘डोके दुखते का?’ एवढेच विचारले असते तर हे कळले नसते. रेषांबद्दल वेगळे विचारावे लागते.

दुसरा पर्याय स्पायरोनोलॅक्टोनचा. रक्तदाब आणि हृदयविकारासाठीचे हे जुने औषध पुरुषी संप्रेरकांना अडवते. ब्रिटनमध्ये 410 स्त्रियांवर झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा आठवडे 50 मिलिग्रॅम आणि नंतर 100 मिलिग्रॅम रोज दिल्यावर, ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले. आणि हा फरक बाराव्या आठवड्यापेक्षा चोविसाव्या आठवड्यात अधिक ठळक होता. मूल नको असलेल्या, याच वयाच्या, अशीच मांडणी असलेल्या स्त्रीसाठी मी बहुधा हेच निवडले असते. पण या औषधाचा गुण ते चालू असेपर्यंतच टिकतो. गर्भारपणात ते घेता येत नाही, कारण मुलग्याच्या लैंगिक अवयवांच्या वाढीवर परिणाम होण्याची भीती असते. म्हणजे सहा महिने वाट पाहून चेहरा कुठे निवळतो तोच बाळासाठी गोळी बंद करावी लागली असती, आणि मुरुम नेमके अशा काळात परतले असते, जेव्हा हाती असलेली औषधे फार थोडी असतात.

तिसरा पर्याय आयसोट्रेटिनॉइन. जीवनसत्त्व ‘अ’च्या कुळातील हे औषध 1982 साली अमेरिकेत मान्य झाले. ते तेलग्रंथी आक्रसवते, छिद्रे बुजणे रोखते आणि त्यातून जंतूंचे पोषण व दाह दोन्ही घटवते. मुरुमांच्या सगळ्या कारणांवर एकाच वेळी काम करणारे दुसरे औषध नाही. ते बाजारात आल्यावर थोड्याच काळात, गर्भारपणात ते घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांमध्ये कान, हृदय आणि मेंदू यांचे गंभीर जन्मदोष दिसू लागले. अमेरिकेत 2006 पासून डॉक्टर, दुकानदार आणि रुग्ण या सर्वांची सक्तीची नोंदणी झाल्याखेरीज ते मिळत नाही. आपल्याकडे तशी व्यवस्था नसल्यामुळे सारी जबाबदारी चिठ्ठी लिहिणारा आणि ती घेऊन जाणारा यांच्यावरच पडते.

तरीही या रुग्णासाठी हेच औषध योग्य वाटले, ते त्याच्या दोन गुणांमुळे. एक म्हणजे या उपचाराला शेवट असतो. वजनाच्या दर किलोमागे एकूण 120 ते 150 मिलिग्रॅम औषध पोटात गेले की ते थांबवायचे असते, आणि पुष्कळ रुग्णांत गुण त्यानंतरही टिकतो. दुसरे म्हणजे ते शरीरातून लवकर जाते. त्याचे निम्मे प्रमाण साधारण वीस तासांत घटते, आणि शेवटच्या मात्रेनंतर एक महिना थांबल्यास गर्भधारणा सुरक्षित मानली जाते. सोरायसिससाठी वापरल्या जाणाऱ्या ॲसिट्रेटिन या त्याच्याच भाऊबंदासाठी ही मुदत तीन वर्षांची आहे, आणि या दोघांची गल्लत करून ‘तीन वर्षे मूल होऊ देऊ नका’ असे सांगितले गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. सर्वांत भीतीदायक औषध येथे वेळापत्रकात सर्वांत नीट बसत होते : नऊ महिने उपचार, एक महिना विराम, मग मोकळीक.

हे सर्व शक्य झाले ते आणखी एका गोष्टीमुळे. पहिल्या बाळंतपणानंतर तिने बसवलेली तांबी, म्हणजे कॉपर-टी, अजून कार्यरत होती. रोज लक्षात ठेवावी लागत नाही अशी खात्रीशीर गर्भनिरोधक व्यवस्था आधीच असणे हा मोठा आधार होता. जोडीला निरोध वापरायचे पतीने मान्य केले. तांबी नसती आणि ती बसवण्याची तयारीही नसती, तर हे औषध मी दिले नसते.

पुढच्या भेटीला सासूबाई सोबत आल्या. त्यांचा प्रश्न सरळ होता : हे औषध गरम आहे असे ऐकले, पुढे मूल राहायला अडचण येईल का? त्या प्रश्नामागे अज्ञान कमी आणि काळजी अधिक होती, म्हणून त्यांच्यासमोरच सर्व पुन्हा सांगितले. औषध शरीरात असताना दिवस गेले तर गर्भाला इजा होते. औषध निघून गेल्यावर होणाऱ्या गर्भधारणेवर किंवा मूल होण्याच्या क्षमतेवर त्याचा परिणाम होतो असे आढळलेले नाही. कोरडेपणा येतो, त्याला कोणी उष्णता म्हणत असेल तर ती येईल आणि जाईलही. त्या दिवसानंतर घरातून विरोध झाला नाही, उलट ‘या महिन्याची तपासणी झाली का?’ हे विचारणाऱ्या त्याच होत्या.

नऊ महिने

डॉक्सीसायक्लिन थांबवून आठवडाभर मध्ये सोडला, कारण ही दोन औषधे एकत्र दिल्यास कवटीच्या आतला दाब वाढू शकतो. अर्धशिशीच्या रुग्णात हे विशेष जपावे लागते. नेहमीपेक्षा वेगळी डोकेदुखी, उलटी किंवा अंधुक दिसणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी औषध थांबवून कळवायचे, असे लिहून दिले. गर्भधारणेची चाचणी नकारात्मक आल्यावर पाळीच्या तिसऱ्या दिवशी पहिली कॅप्सूल दिली. पहिला महिना रोज 10 मिलिग्रॅम, दुसरा 20 आणि त्यापुढे सात महिने 30 मिलिग्रॅम. सुरुवात कमी मात्रेने केल्याने पहिल्या आठवड्यांत गाठी उसळण्याची शक्यता घटते. नवव्या महिन्याअखेर एकूण 7,200 मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे सुमारे 129 मिलिग्रॅम झाले. गर्भधारणेची चाचणी दर महिन्याला होत राहिली, आणि चिठ्ठीही एकाच महिन्याची दिली.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी अपेक्षेएवढा फरक दिसेना. विचारपूस केल्यावर कळले की ती कॅप्सूल रात्री फुलका आणि उकडलेली भाजी यांबरोबर घेत होती. आयसोट्रेटिनॉइन स्निग्ध पदार्थांसोबतच नीट शोषले जाते. उपाशीपोटी घेतल्यास रक्तात पोहोचणारे प्रमाण निम्म्याहून कमी होते. मुरुमांच्या भीतीने सोडलेले तूप आता औषध म्हणून ताटात परत आले. गुरुवारच्या उपवासाला कॅप्सूल संध्याकाळी उपवास सोडताना घ्यायची असे ठरले. महिनाभरात नव्या गाठी थांबल्या.

त्याच सुमारास ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील चरबीचा एक प्रकार, 142 वरून 231 वर गेले. तुपामुळे झाले असावे म्हणून ती घाबरली. ही वाढ औषधाचीच असते, आणि 500 च्या पलीकडे गेल्यावर स्वादुपिंडाला धोका म्हणून ती गंभीर मानतात. तूप चमचाभर तसेच ठेवून शिक्षक-खोलीतला दिवसातून चार वेळचा साखरेचा चहा आणि बिस्किटे कमी केली. पुढच्या तपासणीत आकडा 180 वर आला. यकृताच्या चाचण्या शेवटपर्यंत सामान्य होत्या.

ओठ उलणे पहिल्या महिन्यापासून होते आणि अखेरपर्यंत राहिले. पेट्रोलियम जेली पर्समध्येच असे. एप्रिलच्या उन्हात एकदा नाकाचा घोळणा फुटला. शाळेच्या क्रीडादिनानंतर पाठ आठवडाभर दुखली. वॅक्सिंग पूर्ण बंद होते, कारण या काळात त्वचेचा वरचा थर मेणाबरोबर निघून येतो. मनाबद्दल प्रत्येक भेटीत वेगळे विचारले : झोप, चिडचिड, रडू येणे, जगणे नको वाटणे. मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांतून या औषधाने एकंदरीत नैराश्य किंवा आत्महत्येचा धोका वाढतो असे दिसलेले नाही, परंतु एखाद्या व्यक्तीत मनःस्थिती बदलू शकते, आणि ते रुग्णाआधी घरच्यांना जाणवते. पतीला म्हणूनच पहिल्या दिवसापासून यात सामील केले होते. तिच्या बाबतीत तसे काही घडले नाही.

दोन प्रसंग मात्र असे आले की ज्यांचा विचार डॉक्टर सहसा करत नाहीत. शाळेत रक्तदान शिबिर झाले आणि शिक्षकांनी आधी नाव द्यावे असा आग्रह होता. औषध चालू असताना आणि त्यानंतर महिनाभर रक्त देता येत नाही, कारण ते एखाद्या गर्भवतीला चढवले जाऊ शकते. ही सूचना तिच्या लक्षात होती. दुसरा प्रसंग अधिक गंभीर होता. तिचा निवळलेला चेहरा पाहून नुकतेच लग्न झालेल्या नणंदेने ‘वहिनी, तुझ्यातल्या चार कॅप्सूल दे ना’ असे म्हटले. तिने दिल्या नाहीत, नणंदेलाच दवाखान्यात घेऊन आली. गर्भधारणेची चाचणी नाही, गर्भनिरोधक नाही, लग्नाला जेमतेम काही आठवडे, आणि हाती चार कॅप्सूल : या औषधाने होणारे अनर्थ असेच घडतात. कॅप्सूल कोणालाही द्यायची नाही हे सांगताना ‘कोणालाही’ म्हणजे नणंद, भाची आणि मैत्रीण, असे नावानिशी सांगितलेले बरे.

त्यानंतर

शेवटच्या कॅप्सूलनंतर पाच आठवड्यांनी चाचणी पुन्हा नकारात्मक आली आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी तांबी काढली. फॉलिक ॲसिड 400 मायक्रोग्रॅम रोज, हे त्याच दिवशी सुरू झाले. गुण टिकवण्यासाठी एरवी ॲडापॅलिन दिले असते, पण तेही त्याच कुळातले आणि गर्भधारणेच्या प्रयत्नात टाळण्याजोगे. त्याऐवजी अझेलेइक ॲसिड 20 टक्के रात्री लावायला दिले. ते गर्भारपणात चालते आणि काळपट डागही फिकट करते. काही महिन्यांत दिवस राहिले. पाचव्या महिन्यात हनुवटीवर दोन-तीन लहान पुळ्या आल्या आणि गेल्या. खोल गाठ एकही आली नाही. बाळ पूर्ण दिवसांचे आणि निरोगी झाले.

गालांवरचे खड्डे आहेत तसेच आहेत. प्रत्येक खड्ड्यात तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडचा थेंब सोडून ते उथळ करण्याचा उपचार आता, बाळंतपणानंतर, सुरू केला आहे. पंचविशीनंतरच्या स्त्रियांमध्ये आयसोट्रेटिनॉइननंतरही मुरुम परतण्याची शक्यता किशोरवयीनांपेक्षा अधिक असते, आणि हे तिला माहीत आहे. तिसरे मूल नको हे ठरलेले असल्यामुळे, अंगावरचे दूध सुटल्यावर गाठी पुन्हा आल्याच, तर स्पायरोनोलॅक्टोनचा विचार आधी होईल. त्याच्या विरोधात मागच्या वेळी जो मुद्दा होता, तो आता उरलेला नाही.